नळ ठोकतो, पाईप गुरगुरतो: घरातल्या पाण्याच्या आवाजाचं मूळ कसं शोधायचं आणि तो कसा बंद करायचा

पाण्याच्या लाईनचा आवाज आला की बहुतेक जण भिंतीला कान लावतात आणि तिथेच फसतात. आवाज पाण्यातून आणि पाईपच्या अंगातून लांबवर जातो. वायसर गेलेलं असतं मोरीतल्या तोटीचं, धडधड ऐकू येते झोपायच्या खोलीत. मिस्त्री भिंत फोडतो, आत पाईप ठणठणीत निघतो, आणि प्लास्टरचा खर्च वर बसतो. म्हणून आवाज कुठून येतो हे नंतर बघू. आधी तो केव्हा येतो ते बघायचं.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. प्लंबिंगचं बहुतेक शास्त्र चोवीस तास भरलेल्या लाईनसाठी लिहिलेलं आहे. मराठवाड्यात नळाला पाणी काही दिवसांआड सुटतं. लातूरला तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथली लाईन भरते, रिकामी होते, वाळते, पुन्हा भरते. त्यामुळे हवा आणि क्षार ही दोन कारणं इथे फार मोठी आहेत, आणि बाहेरचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी वेळ नोंदवा

दोन-तीन दिवस कागद-पेन्सिल हाताशी ठेवा आणि आवाज यातल्या कोणत्या वेळी येतो ते टिपा:

- तोटी बंद करताक्षणी किंवा वॉशिंग मशीनने पाणी थांबवल्यावर एकच ठोका: पाण्याचा धक्का, किंवा सैल पाईप.
- तोटी चालू असताना भुणभुण, थरथर किंवा शिट्टी: वायसर, सीट (वायसर ज्यावर टेकतं ती कडा), जाळी किंवा अर्धवट उघडा कॉक.
- नळाला पाणी सुटल्यावर फसफस, हौदाजवळ ठकठक: हवा आणि फ्लोट वॉल्व्ह (तरंगत्या गोळ्यावर चालणारी झडप).
- मोटर चालताना घरघर, बंद होताना धाडकन: पंप, सक्शन (पाणी ओढणारा पाईप) किंवा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप).
- गरम पाणी वाहताना आणि नंतर पाईप गार होताना टकटक: पाईपचं प्रसरण.
- फ्लश केल्यावर किंवा बादली ओतल्यावर गुडगुड: सांडपाण्याची बाजू.
- कोणी पाणी वापरत नसताना बारीक सूंऽऽ: गळती.

मग गच्चीवर जा. टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक लाईनला, म्हणजे स्वयंपाकघर, बाथरूम, संडास अशा वेगवेगळ्या लाईनींना बहुधा वेगळा वॉल्व्ह असतो. घरातल्या एका माणसाला तोटी उघड-बंद करून तो आवाज काढायला लावा आणि एकेक लाईन बंद करत जा. ज्या लाईनचा वॉल्व्ह बंद केल्यावर आवाज थांबला, ती लाईन दोषी. जुना गेट वॉल्व्ह बंद करताना जोर लावू नका. क्षाराने धरलेला असेल तर आतली पाचर दांड्यावरून सुटते आणि वॉल्व्ह फिरतो, पण पाणी बंद होत नाही. असा वॉल्व्ह काढून बॉल वॉल्व्ह बसवलेला बरा.

लाईन कळली की लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक तोटीवर, वॉल्व्हवर, क्लॅम्पवर टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. जिथे आवाज सर्वांत कोरडा आणि टणक येतो तिथे मूळ, जिथे नुसता घुमतो तिथे तो फक्त पोहोचलेला. चालू मोटरवर हे करताना ओढणी, केस, लोंबते कपडे लांब ठेवा.

तोटी बंद करताच ठोका

वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा वेग दाबात बदलतो. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, अर्ध्या इंची पाईपमधून मिनिटाला १२ लिटर पाणी जात असेल तर त्याचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर असतो. १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरत असेल तर समजा एवढाच. हा वेग क्षणात थांबवला तर जीआयमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलोचा जादा दाब उसळतो. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाईप) थोडा लवचिक असल्यामुळे त्यात तो साधारण ५ ते ६ किलोवर राहतो. गच्चीवरच्या टाकीचा स्वतःचा दाब किती? दर १० मीटर उंचीला १ किलो, म्हणजे एक मजली घरात खालच्या तोटीला पाऊण किलोच्या आसपास. तोटी सावकाश बंद केली की हा उसळता दाब जवळपास नाहीसा होतो. पाव फेऱ्याच्या तोट्या आल्यापासून आणि वॉशिंग मशीन घरोघरी झाल्यापासून ही तक्रार वाढली ती त्यामुळेच.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे असे करायचे.

पहिला, क्लॅम्प. उघड्यावरच्या सीपीव्हीसी लाईनला दर अडीच ते तीन फुटांवर, जीआयला दर सहा फुटांवर आणि प्रत्येक वळणाजवळ क्लॅम्प हवा. हाताने पाईप हलवून पाहा, खणखणला तर तिथे धक्का बसतोय. क्लॅम्पमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. पुष्कळ घरांत काम इथेच संपतं.

दुसरा, वेग कमी करा. मशीनचा कॉक अर्धा बंद करून पाहा. मशीनला पाणी भरायला दोन मिनिटं जास्त लागतील, बिघडत काही नाही. मात्र कॉक शिट्टी मारू लागला तर किंचित उघडा.

तिसरा, हवेची उशी. दोषी तोटी किंवा मशीनच्या कॉकच्या अगदी जवळ, जास्तीत जास्त सहा फुटांच्या आत टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि त्यावर दीड फूट उभा पाईप, वर एंड कॅप. पाईप लाईनच्याच मापाचा किंवा एक माप मोठा घ्या. त्यातली हवा धक्का झेलते, पण ती हळूहळू पाण्यात विरघळून जाते आणि पाईप भरून बसतो. टाकीच्या लाईनवर असेल तर सहा महिन्यांनी वॉल्व्ह बंद करून, सर्व तोट्या उघडून लाईन पूर्ण रिकामी करावी लागते. थेट नळाच्या लाईनवर मात्र ती दर वेळी आपोआप रिकामी होते, म्हणून हा स्वस्त उपाय इथे चोवीस तास पाण्याच्या शहरांपेक्षा जास्त टिकतो. कटकट नको असेल तर आत पिस्टन असलेला तयार अरेस्टर घ्या. त्यातली हवा पाण्यापासून वेगळी असते.

घरात प्रेशर पंप असेल आणि तोटी जरा उघडताच तो टक-टक चालू-बंद होत असेल तर दोष त्याच्या छोट्या टाकीत आहे. पंप बंद करून, पाणी सोडून, टाकीच्या व्हॉल्व्हला गाडीच्या टायरचं प्रेशर गेज लावा. हवेचा दाब पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्यापेक्षा किंचित कमी हवा. व्हॉल्व्हमधून पाणीच आलं तर आतला रबरी पडदा फाटला आहे.

पाणी सुटल्यावरचा गोंगाट

चार-पाच दिवस रिकाम्या राहिलेल्या लाईनमध्ये पाणी येतं तेव्हा ते समोरची सगळी हवा ढकलत येतं. तोटी फसफसते, मीटर भिंगरीसारखं फिरतं, मग मातकट पाणी, मग नितळ. ही हवा निघून जाऊ देणं एवढंच काम. हौदाच्या इनलेटला एक साधी तोटी ठेवा आणि पाणी सुटायच्या वेळी ती उघडी ठेवा. फसफस थांबून धार सलग झाली की सावकाश बंद करा. लाईन वर चढून खाली येत असेल तर सर्वांत उंच जागी अर्ध्या इंची एअर वॉल्व्ह बसवा.

वाळलेल्या जीआय पाईपच्या आतली क्षाराची आणि गंजाची खपली पाण्याच्या पहिल्या झोताबरोबर सुटते आणि पुढच्या तोटीत अडकते. दोन दिवसांपूर्वी गप्प असलेला नळ पाणी सुटल्यावर अचानक शिट्टी मारायला लागला तर खपलीच आडवी आलेली असते. मीटरनंतर एक वाय-स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी असलेला जोड) बसवा, त्याची जाळी महिन्यातून एकदा धुवा.

हौदातल्या ठकठकीचा मामला वेगळा. हौद भरत आला की पडणाऱ्या धारेने लाटा उठतात, लाटांवर फ्लोटचा गोळा खालीवर होतो, आणि तेवढ्या वेळा वॉल्व्ह उघडतो-मिटतो. प्रत्येक वेळी लाईनला ठोका. पाणी रात्री सुटत असेल तर सगळं घर जागं. खात्री करायला झाकण उघडून गोळा हाताने धरा. आवाज थांबला तर निदान झालं.

१. वॉल्व्हच्या आधीचा कॉक थोडा बंद करा. धार मंदावली की लाटाही मंदावतात.
२. वॉल्व्हमधलं वायसर बदला. कडक झालेलं वायसर नीट बसत नाही, थरथरतं.
३. धार आणि गोळा यांच्यामध्ये आडोसा करा. बूड कापलेली, बाजूने भोकं पाडलेली प्लास्टिकची बादली गोळ्याभोवती टांगली तरी चालते.
४. धार पाण्याच्या पातळीखाली नेणारा पाईप जोडायचा असेल तर पाण्याच्या वर येणाऱ्या भागाला दोन-तीन सुतांचं भोक पाडलंच पाहिजे.

चौथ्या मुद्द्यावर थोडं थांबू. नळाची लाईन रिकामी होताना तिच्यात ओढ निर्माण होते. भोक नसेल तर तुमच्या हौदातलं पाणी उलटं लाईनमध्ये जाईल आणि शेजाऱ्याच्या पिण्यात येईल. भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. आवाजापायी हे विसरू नका.

नळाला थेट मोटर लावली की पाईप घर्रर्र करतो. तो हवा ओढतोय, त्याबरोबर गळक्या जॉइंटमधून गटाराचं पाणीही ओढू शकतो. या आवाजाला एकच उपाय, मोटर काढा. नियमानेही ती लावता येत नाही.

तोटीची भुणभुण आणि शिट्टी

जुन्या फिरकीच्या तोटीत वायसर झिजलं किंवा जंपर (वायसर धरणारा पितळी तुकडा) सैल झाला की पाण्याच्या धारेत तो तुकडा फडफडतो. एका ठराविक उघडणीला भूंऽऽ असा आवाज येतो, जास्त उघडली की बंद होतो. ही अचूक खूण.

लाईनचा वॉल्व्ह बंद करा, तोटी उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, मोरीच्या जाळीवर फडकं टाका. मूठ काढा, खालचं कव्हर सोडवा. स्पिंडलच्या (तोटीच्या फिरत्या दांड्याच्या) षटकोनी नटाला ॲडजस्टेबल पाना लावून डावीकडे फिरवा. दुसऱ्या हाताने तोटीचं अंग घट्ट धरा, नाहीतर भिंतीतला निपल (जोडाचा आखूड पाईप) फिरतो आणि खरं काम तिथून सुरू होतं. जंपर बाहेर काढा, अर्ध्या इंची नवं वायसर बसवा, वरचा छोटा नट आवळा. आत बोट घालून पितळी सीट चाचपा. बोटाला खाच लागली तर नवं वायसरही महिन्याभरात कापलं जाईल, तेव्हा सीट घासून घ्या किंवा तोटीच बदला. स्पिंडलच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा.

पाव फेऱ्याच्या तोटीत वायसर नसतं, सिरॅमिक चकत्यांची कार्ट्रिज असते. ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. दुकानात जुनी घेऊन जा. दात आणि लांबी कंपनीगणिक बदलतात, अंदाजाने आणलेली बऱ्याचदा परत न्यावी लागते.

शिट्टी येत असेल तर आधी तोंडावरची जाळी काढा. बोअरच्या पाण्यात ती पांढऱ्या क्षाराने बुजते. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून जाळी त्यात दोन तास बुडवा, मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, क्रोमचा थर जातो. आणि कोणतंही ॲसिड ब्लीचिंग पावडरीशी मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. जाळी साफ करूनही शिट्टी राहिली तर बेसिनखालचा अँगल कॉक अर्धवट उघडा आहे का ते पाहा. फ्लशची टाकी भरताना येणारी किंचाळी बहुतेकदा त्याच्याच कॉकची किंवा आतल्या फिल वॉल्व्हच्या जाळीची असते.

मोटर

इथे चार वेगळे आवाज आहेत आणि चारांना चार वेगळी औषधं.

नुसती हूंऽऽ आणि मोटर फिरत नाही: लगेच स्विच बंद करा, वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. बरेच दिवस बंद राहिलेल्या पंपात क्षाराने इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) धरतो. मेन स्विच बंद करून मागच्या पंख्याचं झाकण काढा आणि शाफ्ट हाताने फिरवून मोकळा करा. शाफ्ट मोकळा असूनही फिरत नसेल तर बहुधा कपॅसिटर गेला. त्याच्यावर लिहिलेल्याच मायक्रोफॅरडचा नवा इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, जुन्यात वीज साठलेली असते.

कीर्रर्र, वेगाबरोबर वाढणारा: बेअरिंग. घरगुती पंपात बहुधा ६२०२ किंवा ६२०३ नंबरचं असतं, तरी जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या. बेअरिंग गेलं म्हणजे बऱ्याचदा सीलमधून पाणी आत शिरलं असतं, म्हणून सीलही सोबत बदला.

आत खडे फिरताहेत असा आवाज: पंपाला पाणी कमी आणि हवा किंवा वाफेचे बुडबुडे जास्त मिळताहेत. फूट वॉल्व्हची (सक्शन पाईपच्या तळाच्या झडपेची) जाळी गाळाने भरली आहे का, हौदातलं पाणी खाली गेलं आहे का, सक्शन पाईप पंपाच्या तोंडापेक्षा लहान मापाचा आहे का, हे पाहा. साधा पंप प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरपेक्षा खोलून पाणी ओढत नाही. सक्शन पाईप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये उंचवटा असला की तिथे हवा साचते. जॉइंट हवा खातोय का हे बघायला चालू पंपावर एकेका जॉइंटला घट्ट ग्रीस फासा. ज्या जॉइंटवर आवाज बदलला तो पंप बंद करून उघडा आणि पुन्हा टेप लावून आवळा.

बंद करताना धाड: वर चढलेला पाण्याचा खांब उलटा येतो आणि उशिरा मिटणाऱ्या एनआरव्हीवर आदळतो. पाळण्यासारख्या झडपेचा एनआरव्ही काढून स्प्रिंगचा बसवा. तो पाणी उलटायच्या आधीच मिटतो. जागा पंपाच्या डिलिव्हरीलगत.

यांखेरीज जी घुमणी उरते ती पंपाची भिंतीशी असलेली सोयरीक. पंप भिंतीला टेकू देऊ नका, खाली १२ मिलिमीटरचं रबर घाला, पंप आणि वर जाणाऱ्या पाईपमध्ये फूटभर जाड रबरी होज दोन-दोन क्लिपांनी जोडा. पंपाखाली सिमेंटचा जड ओटा असेल तर आवाज आणखी उतरतो.

गरम पाण्याची लाईन

सीपीव्हीसी तापल्यावर वाढतो. १० मीटरची लाईन ४० अंशांनी तापली की जवळजवळ एक इंच लांब होते. क्लॅम्प घट्ट असतील तर ती अडकत, सुटत सरकते आणि प्रत्येक सुटणीला टक्. सोलर असलेल्या घरात संध्याकाळी छतातून येणारे ठोके हेच. क्लॅम्प किंचित सैल करून आत नमद्याची किंवा फोमची पट्टी घाला. लांब सरळ लाईनमध्ये एक यू आकाराचं वळण द्या. भिंतीत गाडायची असेल तर प्लास्टरच्या आधी पाईपवर फोमची नळी चढवा. नंतर ते करता येत नाही.

गीझर आतून तडतडत असेल तर कॉइलवर क्षार चढला आहे. एमसीबी बंद, इनलेट बंद, टाकी गार, मग पाणी सोडून कॉइल काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा. मॅग्नेशियमचा ॲनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी दांडी) झिजला असेल तर त्याच वेळी बदला. बोअरच्या पाण्यावर हे दरवर्षी करावं लागतं. सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारण्याचा उद्योग कोणी करू नये, टाकी फुटते.

गुडगुड

वरच्या मजल्यावर फ्लश केला आणि खालच्या न्हाणी ट्रॅपने (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीखालच्या भांड्याने) घोट घेतल्यासारखा आवाज केला, मागाहून वास आला, तर व्हेंट पाईप (सांडपाण्याच्या लाईनला गच्चीवरून हवा देणारा पाईप) बुजला आहे. खाली जाणारं पाणी मागे हवा मागतं. ती वरून मिळाली नाही की ट्रॅपमधलं दोन इंच पाणी ओढून घेतं. गच्चीवर जाऊन पाईपचं तोंड पाहा. पाखरांचं घरटं, चेंडू, किंवा कोण्या मिस्त्रीने सिमेंटने बंद केलेलं तोंड सापडतं. मोकळं करून वर जाळीचा काऊल (टोपण) बसवा. व्हेंट मोकळा असेल तर चेंबर उघडा. चेंबर तुंबलेला असेल तर अडथळा पुढच्या लाईनमध्ये, कोरडा असेल तर घर आणि चेंबरच्या मधे.

कोणी पाणी वापरत नसताना

रात्री सगळ्या तोट्या बंद करा, टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने आखा, सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर आधी फ्लशच्या टाकीत थोडी हळद कालवा. भांडं पिवळं झालं तर गळती तिथेच. नाही झालं तर एकेक लाईन रात्रभर बंद ठेवून पाहा. नळाची लाईन तपासायची तर पाणी सुटलेलं असताना हौदाचा कॉक बंद करून मीटर बघा. फसफस संपल्यावरही काटा फिरत असेल तर मीटर ते हौद या तुकड्यात गळती आहे.

काळ्या मातीत हा तुकडा बहुतेक वेळा जॉइंटवरच फुटतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाईपला वर-खाली ओढते. नुसता जॉइंट बदलून माती लोटली तर पुढच्या वर्षी शेजारचा जॉइंट जाईल. दोन फूट खोल चर घ्या, तळाला चार इंच बारीक मुरूम किंवा वाळू अंथरा, पाईपच्या वरही तेवढीच टाका, आणि मगच काढलेली माती परत भरा. भिंतीत शिरण्याच्या जागी पाईपभोवती मोठ्या मापाच्या पाईपची बाही घाला, सिमेंटने थेट जखडू नका. चर बुजवायच्या आधी लाईन चालू करून जॉइंट किमान एक तास उघडे ठेवून बघा.